बाबांची क्रेन उतरली

इल्फर्ड, लंडन, मंगळवार

ती. अनुराधाताई,

नमस्कार. (वाकून करायचा तो प्रत्यक्ष भेटीत, बाबांच्या बॅगा उचलून माझी कंबर धरली आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? नागपुरात थंडी पडली का?

बाबा विमानात बसले. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. सोमवारी त्यांची इथली सहा महिन्यांची मुदत संपत होती, आणि रविवारी सकाळपर्यंत माझे पूज्य सासरे (म्हणजे तुमचे वडील, निम्मी जबाबदारी तुमची) बॅग भरायला तयार नव्हते. आमच्या फ्लॅटसमोरची टॉवर क्रेन उतरलेली बघितल्याशिवाय हलणार नाही, म्हणाले. मुदत ओलांडली तर पुन्हा इथे येऊ देणार नाहीत, हे यतीनने (तुमचाच भाऊ) परोपरीने समजावलं. "पीडब्ल्यूडीत जन्म काढला, अर्धवट काम टाकून कधी गेलो नाही," हे त्यावर उत्तर. काम त्यांचं नव्हतं, हे सांगायचा धीर आम्हाला कुणालाच झाला नाही.

ही क्रेन वाढते कशी, हे मी माझ्याच स्वयंपाकघरात शिकले. खांबाभोवती पोलादी पिंजरा असतो, तो जॅकने वरचा सगळा भाग उचलून धरतो आणि मधल्या फटीत खांबाचा नवा तुकडा सरकवतात. ते दाखवायला बाबांनी माझे डबे एकावर एक रचले आणि वर कुकर ठेवला (भरलेला). वरण फ्रिजच्या मागेही सापडलं. पुढे एकदा वारा सुटला आणि वर कुणी नसताना क्रेनचा लांब हात आपोआप फिरायला लागला. मी घाबरून साइटवर फोन केला. वाऱ्यात तो मुद्दाम मोकळा सोडतात, अडवला तर क्रेनच आडवी व्हायची, एवढंही न कळणारी सून अडाणी, असं म्हणून बाबा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

उतरवायचे दोन रविवार वाऱ्याने खाल्ले. हा तिसरा. रस्ता बंद करून चाकांवरची मोठी क्रेन आली, आणि बाबा कोट घालून बाल्कनीत. मागची तोलाची काँक्रीटची वजनं निघायला लागली तसे ते ओरडले, "पुढचा हात आहे तोवर एक राहू द्या!" (मराठीत.) कामगारांनी एक राहू दिलं. आपलं ऐकलं, अशी बाबांची अजून समजूत आहे. लांब हात सुटणार तोच वारा वाढला, काम थांबलं, माणसं चहाला गेली आणि मी रडकुंडीला आले. दुपारी वारा पडला. अंधार पडायच्या आत शेवटचा तुकडा लॉरीवर चढला. काम पुरं झालं की पेढे, ही बाबांची जुनी रीत. त्यांनी खाली जाऊन सगळ्यांना वाटले. गॅरी नावाच्या सुपरवायझरने दोन खाल्ले आणि "ब्रिलियंट, बॉस" म्हणाला. वर येऊन बाबांनी विचारलं, "आसावरी, माझी बॅग कुठेय?" ताई, इतकं हायसं मला माझ्या व्हिसाच्या वेळीही वाटलं नव्हतं.

घर आता शांत आहे. यतीन काल दुपारभर झोपला.

तुमची,
आसावरी

ता. क. : काम थांबलं तेव्हा नागपूरच्या टेकडीच्या गणपतीला मी तुमच्या हातचे मोदक कबूल केले. तुम्हाला विचारायला वेळ नव्हता.

ता. क. २ : स्टेशनमागे नव्या इमारतीचा पाया खणताहेत, मार्चमध्ये तिथे क्रेन उभी राहणार. बाबांपासून हे लपवण्यासाठी मी त्यांना महिनाभर लांबच्या रस्त्याने फिरायला नेत होते. आता तुम्ही त्यांना सांगाच. कालपासून मला कुणी अडाणी म्हटलेलं नाही, करमत नाही हो.