सोमलितच्या करंडीचं झाकण

८ मार्च २००६, बुधवार

रात्रीचे बारा वाजून गेले. तरी लिहिते.

बायकांच्या दिवसाची सुट्टी. आमच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांचे नवरे त्यांना ‘फणसाखाली’ जेवायला नेणार म्हटल्यावर मीही हटूनच बसले. सोमलित म्हणे, “गर्दी असते गं तिथं. बसायला जागा मिळत नाही.” अख्खं सावन्नाखेत गाव तीन वर्षं त्या हॉटेलात जेवतंय, मीच काय घोडं मारलंय? नेलं शेवटी. नाइलाजानं.

पाऊण तास ताटकळलो. पण कोंबडी काय भाजली होती! पपईची कोशिंबीर तर अशी झणझणीत, की नाकातनं पाणी. मी खूश. हा मात्र मान खाली घालून चिकट भाताचे गोळे वळतोय.

जेवून झालं. याची भाताची करंडी नेहमीसारखी उघडी! लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एकदा तरी झाकण लावलं असेल तर शपथ. करंडी उघडी राहिली की संसार मोडतो, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून मी रोज लावते. आजही हात पुढं केला—

तेवढ्यात मालकीणबाई आमच्या टेबलाशेजारनं चालल्या होत्या, मागं कुणाशी तरी बोलत. न बघताच हात लांबवला, त्याच्या करंडीवर झाकण ठेवलं आणि पुढं गेल्या. माझीही करंडी उघडीच होती. तिला हात लावला नाही!

असं न बघता कोण लावतं? जिनं शंभरदा लावलंय ती!

९ मार्च

विचारलं. “काहीतरीच तुझं,” म्हणाला. कान लालबुंद.

१० मार्च, शुक्रवार

शाळा सुटल्यावर तडक फणसाखाली. गिऱ्हाईक नव्हतं. मालकीण — दुआंगता तिचं नाव — बांबूचे कोंब सोलत बसलेली. पन्नाशीची. मला बघून दचकलीसुद्धा नाही.

“बस गं धाकटे,” म्हणाली.

धाकटी! मी!

मग ती बोलत गेली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. ही सोमलितची पहिली बायको. नदीत बुडून मेली म्हणून जिच्यासाठी मी दरवर्षी देवळात भात ठेवते, तीच! १९८० साली, लाओसमधनं माणसं लपूनछपून पळत होती तेव्हा, होडीनं नदीपलीकडं थायलंडला निघाली. हा दुसऱ्या दिवशी मागनं जाणार होता. होडी उलटली. वाचली ही एकटी. तिथनं फ्रान्स. तीन वर्षांपूर्वी परत आली.

“निघायच्या घाईत त्याची करंडी उघडीच राहिली बघ. तेव्हापासनं हात आपोआप जातो.”

“तो... येतो इथं?”

“शनिवारी. दुपारचा. नुसता जेवतो गं.”

शनिवारी! शनिवारी तो गळ टाकायला जातो! तीन वर्षं दर शनिवारी मासा आणतोय, तोही साफ केलेला. आणि मी बावळट शेजारणींना सांगत सुटले, किती गुणाचा नवरा!

११ मार्च, शनिवार

गळ घेऊन निघाला नाही. दिवसभर ओसरीवर बसून.

“मेलेलं माणूस समोर येऊन उभं राहिलं, तुला काय सांगू?” म्हणे.

“जे आहे ते सांगायचं होतं!” किंचाळले मी. शेजारच्यांनी ऐकलं असणार. ऐकू देत.

“तिच्याकडं परत जायचंय का?”

यावर गळाची दोरी गुंडाळत बसला. नाही म्हणायला काय जातं एवढं? दोन अक्षरं!

खूप रडले. मला तो हवाय, खोटं कशाला बोलू? पण उद्या झाकण लावणार नाही. एकोणीस वर्षं मी एकटीनंच का लावायचं? बघू तरी हलतो का!

१२ मार्च, रविवार

दुपारची जेवणं झाली. त्याची करंडी, माझी करंडी, दोन्ही मुद्दाम उघड्या ठेवल्या आणि तासाभरासाठी बाजारात गेले.

परत आले तर माझ्या करंडीवर झाकण लावलेलं.

त्याची उघडीच. अंगणात मोटारसायकल नाही, खुंटीवर त्याचे कपडे नाहीत.