सत्तावीस नंबरचं दार

२ फेब्रुवारी

आले एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि माझी हत्यारांची पेटी. पेटी मी मांडीवर इतकी कवटाळून बसले होते की टॅक्सीवाल्याला वाटलं आत दागिनेच आहेत. आत काय, तर मेणाची सुरी, बारीक कानशी, चिमटे आणि दाढा घासायचे ब्रश. बारा वर्षं मी लोकांच्या कवळ्या बनवल्या. आमची लॅब बंद झाली, आणि आता या घरात मला ठेवून घेतलंय ते चक्क एका खेळण्यातल्या विमानासाठी. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, तुला कोणीतरी बनवतंय.

घरात दोनच माणसं. ताई एका शाळेच्या मुख्याध्यापिका. पंचावन्नच्या असतील, पण चालतात अशा की सोबतच्याने पळावं. त्यांनी मला घर दाखवलं, चहा दिला, मोरीचा नळ कसा दाबून बंद करायचा ते शिकवलं. वर म्हणाल्या, बाबा चिडले तर मनावर घेऊ नकोस, मी शाळेत रोज चारशे जणांचं ऐकते, तू एकाचं ऐक. बाबा म्हणजे त्यांचे वडील, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. मी त्यांना आजोबा म्हणायचं ठरवलंय. ते मला पोरी म्हणतात. एकोणचाळिसाव्या वर्षी कोणी पोरी म्हटलं की बरं वाटतं, उगाच कशाला लपवा.

माझी खोली आजोबांच्या खोलीला लागून आहे. खिडकीतून समोरच्या शिंप्याचं दुकान दिसतं. गाव कोरडं, धुळीचं. समुद्र इथून गाडीने पुरा एक दिवस लांब. गादी मऊ आहे. मी खूश आहे.

३ फेब्रुवारी

आज खोका उघडला. चाळीस वर्षं तो आजोबांच्या कपाटात न उघडता पडून होता. झाकणावर लाटांवरून उठणारं विमान, त्याला चाकांऐवजी होडीसारखं पोट. लढाईच्या काळात ही विमानं समुद्रावरच उतरायची आणि समुद्रावरूनच उडायची. आजोबा विशीत अशाच एका विमानावर होते, बिनतारी संदेशाच्या कामावर.

आत राखाडी प्लास्टिकच्या चौकट्या, त्यांना लटकलेले सुटे भाग, प्रत्येकाला नंबर. एकूण एकशे अठरा. प्लास्टिक इतकं वाळलंय की जरा जोर लागला की कटकन तुटतं. आजोबांचे हात थरथरतात. डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं, बोटांच्या टोकांना तर स्पर्शही धड कळत नाही. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून काम करताना ते काढून ठेवतात, मग मी कानाशी जाऊन ओरडायचं. म्हणजे डोळे माझे, हात माझे, घसा माझा, आणि विमान त्यांचं.

आतल्या बाजूलाही नीट रंग दे म्हणाले. बाकं, तारा, भिंती, सगळ्याला. मी म्हटलं, पोटाचे दोन अर्धे एकदा चिकटवले की आत कोण बघणार? म्हणाले, आतले बघतील की. मला हसू आलं.

५ फेब्रुवारी

माणसं रंगवली. सहा आहेत, बोटाच्या पेराएवढी. आजोबांनी प्रत्येकाची ओळख करून दिली. पुढच्या भागात कप्तान आणि ते स्वतः. मागच्या भागात चौघे: लंबू, मास्तर, शीळ वाजवत फिरणारा म्हणून बासरी, आणि सगळ्यांत लहान तो धाकटा. धाकट्याच्या केसांचा रंग मी वर्णन करून सांगितला, तरी तीनदा बदलायला लावला. मी एकदा वैतागले, मग त्यांचा चेहरा बघून पुन्हा ब्रश उचलला. संध्याकाळी ताईंनी शाळेतल्या गमती सांगितल्या आणि आम्ही तिघंही खूप हसलो. असं घर मला फार वर्षांत मिळालं नव्हतं.

७ फेब्रुवारी

आजोबा दोन ते चार झोपतात. तेवढ्यात मी बरंच काम उरकलं. विमानाचा पुढचा आणि मागचा भाग वेगळा करणारी आडवी भिंत बसवली आणि तिच्यात सत्तावीस नंबरचं दार. सत्तावीसला मी सांगेपर्यंत हात लावू नको, असं ते म्हणाले होते. पण त्यांचं हे प्रत्येक गोष्टीला असतं, आणि सूचनांच्या कागदावर दार बंद दाखवलंय ते अगदी स्पष्ट. मी बंद चिकटवलं. मस्त बसलं, रेघसुद्धा दिसत नाही.

हे चिकटवायचं द्रावण म्हणजे साधा डिंक नव्हे. ते दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवतं आणि वाळलं की दोन तुकड्यांचा एकच होतो. मग काढायचं म्हणजे तोडायचं.

८ फेब्रुवारी

लिहायला हवं.

आज आजोबांनी सांगितलं. गोळ्या लागून त्यांचं विमान कसंबसं समुद्रावर उतरलं. मागचा भाग फुटला होता. कप्तानाने हुकूम दिला, मधलं दार लाव, नाहीतर सगळेच जाऊ. यांनी लावलं. कडी घातली. पलीकडे चौघे होते. आधी मुठींनी ठोकत होते, मग कुठल्यातरी लोखंडी वस्तूने. तीन ठोके, थांबून तीन ठोके. यांना नावाने हाका मारत होते. ठोके हळूहळू कमी होत गेले. शेवटी एकच हात वाजत होता. मग तोही नाही. पुढचा भाग तरंगत राहिला. कप्तान त्याच रात्री गेला, हे वाचले. बायकोला कधी सांगितलं नाही, ताईंनाही नाही.

म्हणाले, पोरी, या वेळी दार उघडं ठेवायचं. त्याने कोणी परत येत नाही, मला कळतं. पण एकदा तरी ते उघडं आहे हे मला माहीत असू दे, मग मी जायला मोकळा. सत्तावीस उघडं बसवशील ना?

मी म्हणाले, बसवलंय. उघडंच बसवलंय.

मी असं का म्हणाले? काढायला गेले असते तर भिंत तुटली असती, नवीन भाग कुठून आणणार? आणि खरं सांगायचं तर ओरडा खायला नको होता. एवढंच. मला माझी लाज वाटते.

९ फेब्रुवारी

आज पोटाचे दोन अर्धे जोडायचे होते. त्याआधी आजोबांनी दाराला हात लावून बघायचं म्हटलं. मी त्यांचं बोट धरलं आणि मागच्या भागाच्या बाजूला, खिडकीचा काचेसारखा फुगीर तुकडा, म्हणजे फुगा, बसतो त्या भोकात घातलं. म्हटलं, हे बघा, दार. बोट आरपार गेलं. म्हातारा माणूस हमसून हमसून रडला. माझा हात धरून ठेवला होता.

मग मी अर्धे जोडले, रबरबँड लावले, फुगे चिकटवले. झालं. आता कोण बघतंय.

११ फेब्रुवारी

रबरबँड काढले. विमान उचललं तर आत काहीतरी खुळखुळलं. हे काम करणाऱ्याला याहून वाईट काही नाही: पोट बंद आणि आत एक तुकडा सुटलेला. कुठला असेल? मी सगळं दोनदा तपासून चिकटवलं होतं. ताई म्हणाल्या, राहू दे गं, बाबांना ऐकू येत नाही. मी आजोबांना सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी

सकाळी साडेदहा. ताई शाळेत, आजोबा यंत्र काढून उन्हात बसलेले. मी पंखांना रंग देत होते. विमान टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कोणाचा हात नाही, वारा नाही.

आतून तीन ठोके आले. मग तीन.

नखाने काचेवर टिचकी मारावी एवढेच. मी शिंप्याच्या मशीनवर ढकललं. खिडकी लावून घेतली. पुन्हा तीन.

१३ फेब्रुवारी

दिवसभर. मी मोठ्याने गाणी म्हणत काम केलं. आजोबा म्हणाले, आज स्वारी खुशीत आहे.

१४ फेब्रुवारी

फुग्यांवर आतून पांढुरकं आलंय. हे होतं, द्रावणाची वाफ बसते, वाळलं की ते कायमचं. काही उपाय नसतो.

दुपारी बघितलं तर डाव्या फुग्यावर एक गोल स्वच्छ दिसतोय. मोहरीएवढा. बाहेरून मी बोटही लावलेलं नाही. कोणीतरी आतून पुसलंय.

भिंग आणलं. लावून बघायचं धाडस झालं नाही.

१५ फेब्रुवारी

विमानाखालचा कागद ओला. पुसला. तासाभराने पुन्हा ओला. बोटाला लावून चाखलं. खारट.

आज ताईंनाही ठोके ऐकू आले. नळाचा पाइप वाजतोय म्हणाल्या, प्लंबरला बोलवू. किती सहज बोलल्या. मला त्यांना सगळं सांगावंसं वाटलं. मी ओला कागद बदलला.

१६ फेब्रुवारी

ठरवलं, फोडायचंच. विमान मोरीत नेलं. मेणाची सुरी तापवून उजव्या फुग्याला भोक पाडलं, तिथून भिंतीपर्यंत पोचून दार मोडता आलं असतं.

भोकातून पाणी आलं. धार. आधी पेलाभर, मग बादली भरली, दुसरी भरली. एवढ्याशा पोटात— धार थांबेना. मी भोकात मेण कोंबलं, वर अंगठा दाबून धरला. अंगठ्याखाली आतून ठोकत होते. माझ्या अंगठ्यावर.

मेण धरलं. विमान मोरीतच ठेवून दार ओढून घेतलं.

१७ फेब्रुवारी

आजोबांनी आज यंत्र काढलंच नाही. सकाळीच विचारलं, हे ठोके कधीपासून येतात? मग ते स्वतःच ऐकत बसले. मग म्हणाले, हा लंबू. हा धाकटा, त्याचा हात हलका पडतो. पण पोरी, दार तर उघडं आहे, मग हे ठोकतात कशाला?

सांगितलं. सगळं सांगितलं. बोट कुठे घातलं होतं तेही.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत ठोके मोजत बसले. मग म्हणाले, मला हुकूम होता. तुला कोणाचा होता?

विमान फोड, आत्ताच्या आत्ता, म्हणाले. मी म्हटलं, उद्या. उद्या ताई शाळेच्या सहलीहून परत आल्या की दोघी मिळून फोडू. मला एकटीला मोरीत जायची भीती वाटते.

१८ फेब्रुवारी, दुपार

मेण निघालं असणार. मोरीच्या दाराखालून पाणी आलं आणि बघता बघता खोल्यांपुढचा बोळ घोट्यापर्यंत भरला. गार, खारट. मी आजोबांच्या खोलीत पळाले. दार लावलं. कडी घातली. विचार केलाच नाही, हाताने परस्पर घातली. फटीत चादर कोंबली. आजोबा पलंगावर बसून आहेत, त्यांनी कडीचा आवाज ऐकला. म्हणाले, लावलंस?

ही वही हातात होती म्हणून लिहितेय. लिहिलं की दाराकडे बघावं लागत नाही.

—

ठोके मोरीतून बोळात आले. आता या दारावर. तीन. तीन. हे नखाचे नाहीत. माणसाच्या हाताचे. खाली, वर, सगळीकडे.

—

चार वाजले. ताईंची यायची वेळ.

बाहेरचं दार उघडलं. ताईंनी बाबा म्हणून हाक मारली. मग पाण्यात काहीतरी जोरात पडलं. मग— 

ताई ओरडतायत. पाणी, पाणी कुठून, दार उघड गं, मागे दार लागलंय, मला निघता येत नाही. माझं नाव घेतायत.

त्यांचाच आवाज आहे. पण ते चौघेही नावानेच हाका—

आजोबा म्हणतात ती माझी लेक आहे. मी म्हटलं, नाही, ते आहेत, उघडलं तर आपण दोघं जाऊ. ते म्हणाले, तेही कोणाची तरी लेकरं होती. उघड.

ते उठायला बघतायत. पाय धरत नाहीत.

—

अजून वेळ आहे, पोरी, म्हणतात. मला माहीत आहे किती असतो. अजून आहे.

उठते. हे एवढं लिहून—

ओरडणं थांबलं. नुसते ठोके. तीन नाहीत. दोन.

ताई असतील तर. ताईच अस—

आजोबा रडतायत. उठते मी. कडीला हात

एकच हात वाजतोय आता