गळतीला नेमका शब्द

ती. बाबांना वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुमच्या गुडघ्याला तेल लावता ना?

इथे कारखान्याच्या सूचना मी कामगारांसाठी स्पॅनिशमध्ये लिहिते. तुमचा जन्म नळदुरुस्तीत गेला, म्हणून तुम्हालाच सांगते. ॲसिडच्या टाकीखाली ओल आली तेव्हा मी 'फिल्त्रासिओन' लिहिलं, म्हणजे झिरपणं. साहेब म्हणाले, "'गोतेओ' लिही, नुसतं ठिबकतंय." आज सकाळी मी स्वतः खाली उतरले, तर करंगळीएवढी धार लागली होती.

मी फलकावर 'फूगा' लिहिलं. आपला फुगा नव्हे हो, गळती. म्हातारा वेल्डर वाचून म्हणाला, "पोरी, याचा अर्थ पळ काढणं असाही होतो. तुला कोणता हवाय?"

"दोन्ही," मी म्हटलं.

त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. दुपारी साहेबांनी फलक पुसला. टाकी अजून भरलेलीच आहे आणि उद्याची पाळी नेहमीसारखी लागणार आहे. सांडण्याला 'देर्रामे' म्हणतात. तो शब्द लिहायची वेळ येऊ नये.

उद्या मी फाटकाबाहेर उभी राहून येईल त्याला अडवणार आहे. आईला एवढंच सांगा, की हल्ली मला मोकळ्या हवेतलं काम मिळालंय.

तुमची धाकटी