त्रेचाळीस इंची पोडियम

२ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी ६.१०
माझ्या हातानं केलेल्या वस्तू एकदा लिहून ठेवतो. घरातला देव्हारा. बायकोची, मीनाबाईंची, कपडे वाळत घालायची कप्पी. जुन्या यंत्रमागाच्या लाकडातून सूनबाईंचं टेबल. भाषणासाठी सागवानी पोडियम, घडीचा, उंची त्रेचाळीस इंच, माझ्या कोपराला तंतोतंत. आणि दोन वेळची आमदारकी. शिक्षण सातवी. बाकी सगळं बघून बघून.
गुडघा दुखतोय. या वेळी मंत्रिपद धरूनच चाललोय. तिकीट नक्की आहे, त्यामुळे त्यावर लिहीत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार
दहा वर्षांत सभागृहात अकरा प्रश्न मांडले. पत्रकात छापायला जोतिरामला काढायला लावले. जोतिराम म्हणजे माझा पीए, पूर्वी माझ्याच यंत्रमागावर कामाला होता. सात प्रश्न कॉलेजच्या मुलींच्या पोशाखाबद्दल निघाले. उरलेले चार त्या सातांची आठवण करून देणारे. जोतिराम म्हणाला, साहेब, पाण्याचा एक बी न्हाय की. म्हटलं, पाणी येतं-जातं, संस्कृती एकदा गेली की गेली. म्हणाला, व्हय, पर आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी येतंय. त्याला मुद्दा कळला नाही.
दुपारी पाण्यासाठी बायकांचा मोर्चा दारात. मला पडायचं होतं. सूनबाई तेजश्रीला पाठवलं. पोर्चमधल्या पोडियममागे उभी राहिली तर पायऱ्यांखालून फक्त कपाळ आणि टिकली. हसू आलं. माझ्या मापाचा आहे तो. तरी बायका दीड तास ऐकत होत्या, हलल्या नाहीत. उन्हामुळे चालवलं नसेल.

१३ ऑक्टोबर, रविवार
मुंबईहून पक्षाचे निरीक्षक आले. संस्कृतीवर चाळीस मिनिटं बोललो. ते डोळे मिटून ऐकत होते. मग तेजश्रीशी तासभर बोलले, वॉर्डावॉर्डाचे कागद काढून. घरातलं वळण बघत असणार. जाताना तिचा नंबर घेतला. माझा त्यांच्याकडे असेलच.
विरोधक मला फोडायला येणार अशी गावात हवा आहे. जोतिरामला मीच सांगितली. आकडा पंधरा कोटींच्या खाली नसणार. नकाराची पद्धत ठरवली: आधी पाणी, मग चहा, मग उभं राहून नाही म्हणायचं. बसून नाही म्हटलं की लोक आकडा वाढवतात.

२० ऑक्टोबर, रविवार
कुणी आलं नाही. फोन दोनदा बंद करून चालू केला.
मीनाबाई म्हणाल्या, आवो, लई केलंत, बसा की आता घरी, गुडघ्याला तेल लावून देते. बायकांना राजकारण कळत नाही. हे मी सभागृहातही बोललोय, नोंद आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार
डमी अर्ज. माझा छाननीत उडाला तर पक्ष उमेदवाराविना राहू नये, म्हणून दुसऱ्या कुणाचा तरी भरून ठेवतात. डमी घरचाच बरा, बाहेरचा भाव खातो. मुलगा प्रदीप म्हणाला, आप्पा, मला दुकान बघायचंय. मग तेजश्री. बाईनं घर सांभाळावं हे माझं मत कायम आहे, पण हे सहीपुरतंच. तिचा अर्ज मी स्वतः भरला. शिक्षण: एम.ए., बी.एड. एकही रकाना कोरा नाही. फोटोची मागची बाजूसुद्धा तपासली. असा अर्ज जिल्ह्यात दुसरा नसेल.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, दुपारी २.४०, निवडणूक कचेरीचा जिना
जिल्हाध्यक्ष सिद्धाराम पक्षाचा एबी फॉर्म घेऊन आले. त्यावर ज्याचं नाव, चिन्ह त्याचं. वाचला. चष्मा पुसून वाचला. मुख्य उमेदवार, तेजश्री. पर्यायी उमेदवार, मी. म्हटलं, सिद्धाराम, नावं खालीवर झालीत. म्हणाले, न्हाय आप्पा, वरनंच तसं आलंय. तिकीट घरातच हाय की!
तेजश्रीनं फॉर्म माझ्या हातातून घेतला. म्हणाली, आप्पा, मलाही आत्ताच कळतंय. तुम्ही नको म्हणा, मी हा आत देत नाही.
तीनला दार बंद. नको म्हणणारच होतो. पण मी भरलेला तिचा अर्ज डोळ्यांसमोर आला. एकही खाडाखोड नाही. इतका निर्दोष कागद फुकट घालवायचा? २.५२ ला म्हटलं, जा, दे.

३० ऑक्टोबर, बुधवार
छाननी. तिचा अर्ज वैध, हरकत शून्य. त्यामुळे डमीचा, म्हणजे माझा, आपोआप बाद. निवडणूक अधिकारी साहेबांनी विचारलं, हा अर्ज कोणी भरला हो? सांगितलं. दोनदा सांगितलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार
उद्यापासून प्रचार. पंधरा कोटीवाले फिरकले नाहीत. मी विकला जात नाही हे त्यांना आधीच कळलेलं दिसतंय.
तेजश्री चपलेसकट पाच फूट एक इंच. पोडियमचे पाय सकाळी साडेचार इंच कापले, कडा घासून पॉलिश केलं. आता माझ्या कमरेला लागतो. जोतिराम म्हणाला, साहेब, आता तुमाला वाकावं लागल की. बोललो नाही. तोंडात खिळे होते.
संध्याकाळी तेजश्री कागद घेऊन आली. प्रचारात वापरलेली प्रत्येक वस्तू खर्चात दाखवावी लागते. निवडणूक कचेरीच्या दरपत्रकात पोडियमचं भाडं दिवसाला दीडशे, तेरा दिवस. म्हणाली, आप्पा, एवढं घ्या आणि पावती द्या.
तिला आधी पाणी दिलं. मग चहा. मग उभा राहिलो, गुडघ्यामुळे जरा वेळ लागला. आणि स्पष्ट नाही म्हटलं. एकोणीसशे पन्नास रुपये.