मनगटावरचे दोन दाब

१४ एप्रिल १९६०, गुरुवार
रामलिंगला गेलो. मी येडशीहून पायी, कासीम पिंजारी (पुढं नुसतं का.) परंड्याहून बार्शीला आणि तिथून रेल्वेनं. नेहमीसारखे वेगवेगळ्या वाटेनं. देवळामागं ओढ्याच्या वाळूत धोबीपछाडाची तालीम. सतरा वेळा केला. बारा बरोबर, पाच ओबडधोबड.

का.चा उजवा हात माझ्या खांद्यावरून पुढं, त्याचं मनगट माझ्या मुठीत. त्याची बोटं माझ्या मनगटावर. दोन दाब म्हंजे तयार, उचल. एक दाब म्हंजे थांब. फेकताना माझा दुसरा हात त्याच्या लंगोटाच्या पट्ट्याला, म्हंजे अर्धं वजन माझ्याकडं राहतं. त्यानं हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, पाठीची दोन्ही पाती एकदम टेकवायची. मोकळा हात टेकवायचा नाही, नुसता तळवा आपटायचा. आवाज तळव्याचा, लोकांना वाटतं हाडाचा. मग "अम्मा गे!" म्हणून ओरडायचं. हे मला कुठल्या वस्तादानं शिकवलं नाही. स्वतः पडून, मोजून बसवलंय. अकरा वर्षांत दोघांना ओरखडा नाही.

का. झाडाकडं बघून म्हणाला, "उस्ताद, खरा खेळ ही वानरंच बघत्यात. गावात जाऊन सांगितलं म्हंजे?"
"वानरावर कोन विश्वास ठेवतंय?"
लई हसला. त्याच्या घरची गुळाची पोळी दोघांनी खाल्ली. महिन्याकाठी एवढ्याच दिवशी मी पोटभर बोलतो. ही गेल्यापासून घरात बोलायला चूलच आहे.

अणदूरला ठरल्याप्रमाणे तो जिंकला. सोनारीच्या जत्रेत जिंकायची माझी पाळी.

२० एप्रिल, बुधवार
बार्शी स्टेशन. गाडीला दोन तास.

काल सोनारीला शेवटची कुस्ती आमची. सकाळी आखाड्याची माती स्वतः तपासली. अंगठा दुसऱ्या पेरापर्यंत जात होता. नंतर दुपारभर पोरांच्या चाळीसेक कुस्त्या झाल्या आणि माती तुडवून फरशी झाली. पुन्हा तपासली नाही. हजार माणसांपुढं वाकून माती चाचपणारा पैलवान भित्रा दिसतो, म्हणून.

सलामीला का. ठरल्याप्रमाणे मोठ्यानं म्हणाला, "ये म्हाताऱ्या, तुझी भाकर कमी करतो." मी म्हणालो, "तुझा कापूस तुलाच पिंजून दावतो." लोक खूश. बारा मिनिटांनी हलगी वाढली, म्हंजे आता शेवट. मनगट धरलं. दोन दाब आले. उचलला.

वाकडा पडला. डावा हात टेकवून. "अम्मा गे!" ओरडला. रोजचंच ओरडणं. मी छातीवर बसलो आणि ठरलेले पाच अंक मोजायला लागलो. चौथ्याला तोंड बघितलं. ओठ पांढरे.

डावा खांदा निखळला. वरूनच दिसत होतं. आसपासच्या गावांतले खांदे मीच बसवतो, जागच्या जागी बसवला असता. हात पुढं केला तर त्याचा भाऊ महबूब मध्ये पडला. "हात लावशील तर हात ठेवनार न्हाय तुजा!" तेवढ्यात लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी वरून बघतोय, चौघं का.ला धोतराच्या झोळीतून नेतायत. आणि मी गुलालात.

तयारीची खूण केली होती. थांबायची केली होती. दम लागला तर कान खाजवायचा, तीही. खरंच लागलं तर काय, ती केली नव्हती. मला वाटायचं माझ्या पद्धतीत लागणारच नाही.

२२ एप्रिल, शुक्रवार
सकाळी गुंडाप्पाच्या हाटेलात. त्यानं गल्ल्यावरूनच आरोळी ठोकली. "वस्ताद! पिंजाऱ्याचा पार कापूस केला म्हनं!" सगळं हाटेल हसलं. "येडशीचं नाव काढलंत. बसा, भजी खावा."
दाढ दुखते म्हणून उठलो.
घरी भाकरी थापली, दोन झाल्या. एकच खाल्ली.

२५ एप्रिल, सोमवार
स्टेशनवर परंड्याचा एक हमाल भेटला. उगंच विचारल्यासारखं विचारलं, तुमच्याकडचा तो पिंजारी कसा आहे. म्हणाला, "कुण्या गावठी वैद्यानं खांद्याला कामट्या बांधल्यात. हात उचलत न्हाय. पिंजण भितीला टांगलंय."
आणि थोडं थांबून, "तुमाला लई शिव्या घालतंय बगा."
"घालू द्या."

म्हंजे खांदा न बसवताच बांधला. डाव्या हातानं पिंजण पेलायचं असतं. हात गेला तर का.चा धंदा गेला. आठ दिवसांत खांदा सहज बसतो. पंधराला जड जातं. विसाव्या दिवसानंतर मी एकही बसवू शकलेलो नाही. आज सहावा.

२८ एप्रिल, गुरुवार
नववा दिवस.
महबूब मला दारात उभं करणार नाही. त्याच्या लेखी मी जुन्या वैराचा दावा साधला. दावा नव्हता हे सांगायचं तर एकच मार्ग. आमच्या सगळ्या कुस्त्या नुरा होत्या, ठरवून केलेल्या, हे कबूल करायचं. मी गावातून उठलो तरी चालेल, मला कोण आहे? पण कासीमचं काय? तोच एकदा रामलिंगला म्हणाला होता, "उस्ताद, मेलो तरी चालंल, पन नुरा म्हनून मरायचं न्हाय." महबूब तर का.नं अणदूरला मिळवलेल्या फेट्याला रोज ऊन देतो म्हणे.

सांगितलं तर नाव जातं, नाही सांगितलं तर हात.
पोस्टकार्ड लिहिलं. पोस्टकार्ड कुणीही वाचतं. चुलीत घातलं.

१ मे, रविवार
नवं राज्य झालं. शाळेपुढं झेंडा, पेढे. गुंडाप्पानं पुढं बसवलं, "वस्तादांना मान द्या." टाळ्या वाजल्या. ज्या दिवशी कुणी टाळी वाजवू नये, त्याच दिवशी वाजवतात.

घरी येऊन ही वही उघडली. २० तारखेला लिहिलंय, दोन दाब आले. मी तारीख चुकवत नाही, मोजमाप चुकवत नाही. ती ओळ खोडणार नाही. पण खोटी आहे.

एकच दाब आला.

पायाखालची माती त्याला कळली असणार. तो थांब म्हणाला. हलगी घुमत होती, लोक उठून उभे राहिले होते, आणि मला ती उचल त्या ठेक्यावरच पाहिजे होती. दुसरा दाब मी मनानंच धरला. त्याची तयारी नव्हती, म्हणून त्यानं हात टेकवला. माणूस अवचित पडला की हात टेकवतोच.

अकरा वर्षांत त्यानं तीन-चारदाच थांब म्हटलं असेल. प्रत्येक वेळी मी थांबलो होतो.

३ मे, मंगळवार
परंडा. चौदावा दिवस. हे किल्ल्यापुढच्या धर्मशाळेत बसून.

सकाळी गेलो. महबूब दारात आडवा. "कशाला आलास? दुसरा हात बाकी हाय म्हनून?" गल्ली गोळा झाली. मी म्हणालो, कुस्तीचं काही नाही, खांदा बघायला आलोय. आतून का.चा आवाज आला. "भाईर काढा त्याला! हे माझं घर हाय, आखाडा न्हाय!"

सलामीला द्यायच्या शिव्या आमच्या ठरलेल्या, मला पाठ आहेत. हे वाक्य त्यातलं नव्हतं. आवाज मात्र तोच, आखाड्यातला. गल्लीसाठी ओरडला की माझ्यासाठी, मला कळलं नाही. त्याचं खरं ओरडणं मला एकदा ओळखता आलं नव्हतं, आता कुठून येणार?

त्याची म्हातारी आई बाहेर आली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. महबूबला म्हणाली, "दुश्मन है तो है. हाथ का काम जानता ना? आन दे."

का. गोधडीवर, पाठ भिंतीला. दाढी वाढलेली. खांद्याचा गोल गेलाय, कामट्या भलतीकडं. पिंजण डोक्यावर टांगलेलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. महबूब माझ्या पाठीशी, दारात माणसं. मी म्हणालो, आधी नाडी बघतो. त्याचा उजवा हात घेतला, धोबीपछाडाला घेतो तसंच मनगट मुठीत. त्याची बोटं आपोआप माझ्या मनगटावर आली.

खूण त्यानं द्यायची असते. मीच आधी दोन दाब दिले. तयार?

बाहेर कुणी तरी खाकरलं. त्याचे डोळे समोरच्या भिंतीकडं.
मग एक दाब.
दुसऱ्याची वाट बघितली. या वेळी मनानं धरला नाही. आला नाही.

हात खाली ठेवला. आईला म्हणालो, "आज नको. कामट्या सोडा, गरम पाण्यानं शेका. मी हाय." महबूब म्हणाला, "कुटं हाय?" मी धर्मशाळा सांगितली. तो हसला, पण कामट्यांची गाठ सोडायला वाकला.

दुपारची बार्शीची मोटार गेली. गेलो नाही. अजून सहा दिवस हात बसू शकतो.

एक दाब म्हंजे थांब. किती वेळ, हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. थांबलोय.