भाचीशी कसली लिखापढी

तळोदा,
ता. ४ फेब्रुवारी २०२५

ती. ममताआत्यास,
रूपालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी रडते नि तुला काही कळत नाही, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे लिहिते. कालपासून आमच्या खोलीचं पाणी बंद आहे. घरमालक सुकलालमामांनी कॉक फिरवला आणि वर कुलूप घातलं. सख्खे नव्हेत, पण आईच्या माहेरचे, कोरीटचे, म्हणून मामाच. खोली दिली तेव्हा, मामाने भाचीच्या पाया पडायचं या रिवाजाप्रमाणे, माझ्या पाया पडले होते. करारनाम्याचं विचारलं तर म्हणे, भाचीसंगे कसानी लिखापढी, आपलंच घर शे!

भांडण रविनावरून. ती माझ्याच दवाखान्यात नर्स, धडगावकडच्या डोंगरातली, आदिवासी. दीड वर्ष आम्ही दोघी इथे राहतो. बाजाराच्या दिवशी तिची आई जीपने खाली येते, घटकाभर ओट्यावर टेकते. मामांना तेच खुपलं. म्हणे, ओटा काय धर्मशाळा शे का? रविवारपर्यंत तिला काढ, तू खुशाल राहा. याआधी तीन घरांनी तिला गाव विचारून दार लावलंय. काल तिने पिशवी भरली. मी म्हटलं, थोडे दिवस जा, मामा निवळले की बघू. चुकलं का माझं?

तुझी लाडकी (अजून असेन तर),
रूपाली

नंदुरबार,
ता. ७ फेब्रुवारी २०२५

चि. रूपाली हिस अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

वकिलांच्या कचेरीत वीस वर्षं टायपिंग करतेय. घरमालक पुष्कळ पाहिले, पण पाया पडून पाणी तोडणारा हा पहिलाच. भाचीचे पाय धरले की पुण्य लागतं म्हणतात. तहानलेल्या भाचीचं जरा जास्तच लागत असेल.

आता डोळे पुसून वाच. भाडेकरूचं पाणी तोडायचा हक्क मालकाला नाही. भाडं वेळेवर देणाऱ्याला कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर काढता येत नाही, आणि 'रविवारपर्यंत' हा काही कोर्टाचा हुकूम नव्हे. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारीही मालकाचीच. नोंदवला नाही, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, मालक त्या खोट्या ठरवीपर्यंत. म्हणजे मामांनी मायेपोटी आपलेच हात बांधून घेतलेत!

भाडं एक महिना तुझ्या फोनवरून जातं, एक महिना रविनाच्या. मग ती पाहुणी कशी? तिच्याकडून भाडं घेताना यांना डोंगर दिसला नाही, आई दोन मिनिटं टेकली की दिसला!

पण खरा राग तुझा आलाय. कुलूप मामांनी लावलं. दुसऱ्याच्या लेकीला दार तू दाखवलंस. नात्यातल्या माणसाला नोटीस कशी द्यायची, याला लोक भिडस्तपणा म्हणतात. माझ्याकडे दुसरा शब्द आहे, पण तो लिहिला तर कागद जळेल.

नोटिशीचा मसुदा सोबत आहे. सही कर. लोभ ठेवायचा की नाही, ते त्यानंतर बघू.

ममताआत्या

तळोदा,
ता. १४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चापट पोचली. त्याच दिवशी रविनाला परत बोलावलं. नोटीसही सही करून मामांना पोचवली, आणि तासाभरात नळाला पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मामा स्टँपपेपर घेऊनच हजर, तोंडात साखर. म्हणे, भाची, घरमाज मिटी जाई, कोर्ट कशाले? मी पेनसुद्धा काढलं गं. रविना मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती. करारात एकट्या माझंच नाव, आणि बाहेरचं कुणी ठेवायचं नाही, अशी अट. ती उठून आपले कपडे दोरीवरून काढायला लागली.

तेव्हा माझी मला लाज वाटली. कागद परत दिला. म्हटलं, मामा, दोन नावं घाला. ते म्हणाले, मंग दोन्ही निंघा! पाणी पुन्हा बंद. आईचा फोन आला, आता कोरीटला तोंड कसं दाखवू म्हणून. ती अजून बोलत नाहीये माझ्याशी. शेजारच्या मयूरीवहिनी दोन हंडे देतात, त्यावर भागवतोय.

आज दोघींनी रजा टाकली आणि कोर्टात अर्ज दिला. वकिलांनी विचारलं, अर्जदार नंबर एक कोण? रविना माझ्याकडे बोट दाखवत होती. मी तिचं नाव सांगितलं. माझं त्याखाली आहे.

अशीच रागावत जा.

तुझी,
रूपाली