पायऱ्या धुण्याची पाळी

ग्लासगो, ८ मे २०२४

चि. वरदास आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण ठीक नाही.

तुझ्या हॅरोच्या रविवारच्या मराठी वर्गात वाचून दाखवायला ग्लासगोची माहिती मागितलीस. घे. शहर मोठं. मधून क्लाइड नदी जाते. पूर्वी काठावर जहाजं बांधायचे, आता काचेच्या इमारती आणि वारा. जमिनीखालची गाडी गोल फिरते, डोळा लागला तरी माणूस परत आपल्याच स्टेशनाला येतो. म्युझियम फुकट. बागा पुष्कळ, कोरडा बाक मिळाला तर नशीब. फुटबॉलचे संघ दोन, आपण कुठल्याचे ते बोलायचं नाही. कौन्सिलच्या कचेरीत संगमरवरी जिना आहे, लोकांना हिंडवून दाखवतात. तो धुतं कोण, असं मी विचारलं तर दाखवणारी बाई नुसती हसली.

आमचा जिना आम्ही धुतो. आठ बिऱ्हाडं, एक जिना. जिची पाळी तिच्या दाराच्या मुठीला पुठ्ठ्याची पाटी येते. आठवड्याभरात झाडून पुसून पाटी पुढच्या दाराला लावायची. सत्त्याहत्तर साली तुझे आजोबा इथल्या इस्पितळात एक्स-रे काढायला लागले, तेव्हा पहिले चार महिने आमच्या दाराला पाटी कोणी लावलीच नाही. बाहेरची माणसं, यांना काय कळतंय. मग एके दिवशी मीच बादली घेतली आणि वरपासून खालपर्यंत जिना धुऊन काढला. पुढच्या सोमवारी पाटी आली. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला या गावानं दिलेलं तेवढंच सर्टिफिकेट.

परवा सोमवारी पाटी शेजारच्या दारावरून निघाली आणि माझं दार ओलांडून वर गेली. वरच्या मॉइराला विचारलं, तर जमिनीकडे बघत म्हणाली, तुमच्या घरून ईमेल आला, आजींना पाळीतून वगळा म्हणून. माझ्या घरी मी एकटी. ईमेल काय चहाच्या किटलीनं केला? तुझा बाप अंबरीश तीन वर्षं मला हॅरोला न्यायला टपलाय, हे त्याचंच काम. विचार त्याला आणि लिही. फोन करू नकोस, उचलणार नाही.

लोभ आहे तेवढा आहे, वाढवायचं उत्तर आल्यावर बघू.

आजी


हॅरो, १२ मे

ती. आजीस सा. न. वि. वि.

ईमेल बाबाने नाही लिहिला. मी लिहिला.

मार्चमध्ये तुझ्या पाळीला तू पायरीवरून पडलीस. तू कोणाला सांगितलं नाहीस. मॉइराने मला फोन केला, मी ट्रेनमध्ये होते, सगळ्यांसमोर रडले. मला वाटलं, जिना पुसायला कोणाला आवडतं? मला वाटलं तू खूश होशील. पाळी बंद झाली एवढंच बाबाला सांगितलं. तो म्हणाला, आता आजी येईल. त्याने खालची खोली रंगवायला पण घेतली. तू पडलीस ते त्याला अजून माहीत नाही. सांगू का?

रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी वरदा


ग्लासगो, १६ मे

चि. वरदास आशीर्वाद, या खेपेला एकच.

हो, पडले. साबण जास्त झाला, चूक माझी. गुडघा महिनाभर काळानिळा होता. पण तुला वाटलं, तुला वाटलं. मला विचारलंस? मेलेल्या माणसाचं नाव काढतात तसं काढलंस, आणि मला कळलं कधी, तर पाटी दारावरून पुढे गेली तेव्हा. वर तुझा बाप भिंती रंगवतोय.

नाव तू काढलंस, तूच घाल. त्यांना पुन्हा ईमेल लिही की आजीला न विचारता लिहिलं, चूक झाली. म्हातारी आहे, मन राखा, असलं एक अक्षर घातलंस तर इकडे येऊ नकोस. बापाला मी सांगेन तेव्हा सांग.

जास्त लोभ नको.

आजी


ग्लासगो, ७ जुलै

चि. वरदास आशीर्वाद.

सोमवारी पाटी आली. गुरुवारी दहाला बादली घेतली. पूर्वी तासाभरात व्हायचं, या वेळी दीड वाजला. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यानं नाही म्हटलं, तशी पायरीवर बसले. मॉइरा खाली आली. काही न विचारता तिनं बादली उचलली. सत्तेचाळीस वर्षांत माझ्या बादलीला कोणी हात लावला नव्हता. ठेव खाली, असं ओठांवर आलं होतं.

उरलेला जिना तिनं पुसला, मी पिळून दिलं. मग म्हणाली, "पुढच्या वेळेपासून तुमची पाळी आणि माझी पाळी, दोघी मिळून करू."

मी म्हटलं, "चालेल. पण पाटी आधी माझ्या दाराला."

हे सगळं बापाला वाचून दाखव. पडले ते, बसले ते, सगळं. आणि त्या खोलीत भाडेकरू ठेव म्हणावं.

तुझ्यावरचा राग संपलेला नाही, पण सुट्टीत ये.

आजी